वैयक्तिक शिक्षण कार्यक्रम आणि पालकांचा सहभाग (अमेरिका)

वैयक्तिक शिक्षण कार्यक्रम हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सार्वजनिक शाळांमध्ये शिकणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यासाठी तयार केला जाणारा लेखी आराखडा होय. ‘इंडिव्हिज्युअलाइज्ड एज्युकेशन प्रोग्राम’ या मूळ नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘आयईपी’ म्हणून ओळखला जातो. विद्यार्थी आज कोणत्या पातळीवर आहे, वर्षभरात त्याने कोठवर पोहोचावे आणि त्यासाठी शाळा कोणती सेवा, किती वेळ व कोणामार्फत देणार, हे त्यात नमूद असते. ‘इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन ॲक्ट’ या संघीय कायद्यान्वये ३ ते २१ वर्षे वयोगटातील पात्र मुलांना हा हक्क मिळाला आहे. कायद्याच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आयडिया’ म्हणतात. २०२२–२३ या शैक्षणिक वर्षात सुमारे ७५ लाख विद्यार्थी, म्हणजे सार्वजनिक शाळांतील एकूण विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्के, या कायद्याखाली सेवा घेत होते.

हा आराखडा शाळेने तयार करून पालकांच्या हाती द्यावयाचा दाखला नव्हे. तो ठरविणाऱ्या समितीचे पालक हे कायद्याने सदस्य आहेत. राज्य सरकारे शालेय प्रशासनावर सर्वसाधारण देखरेख ठेवतात. परंतु एखाद्या विशिष्ट मुलाचा आराखडा अपुरा आहे किंवा तो प्रत्यक्षात पाळला जात नाही, ही गोष्ट बहुधा पालकांनाच हेरावी लागते आणि दादही त्यांनाच मागावी लागते. त्यामुळे पालकांना या प्रक्रियेची माहिती देणे व मुलाची बाजू मांडण्यास साहाय्य करणे हा अमेरिकेतील विशेष शिक्षण व्यवस्थेचा एक आवश्यक भाग बनला आहे.

पार्श्वभूमी

१९७० च्या दशकापूर्वी अमेरिकेतील अनेक राज्यांत दिव्यांग मुलांना शाळेत प्रवेश नाकारणे कायदेशीर होते. पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचे ‘मानसिक वय’ न गाठलेल्या मुलास शाळा नाकारू शकत असे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांनी स्थापन केलेल्या ‘पेनसिल्व्हेनिया असोसिएशन फॉर रिटार्डेड चिल्ड्रन’ या संघटनेने त्याविरुद्ध संघीय न्यायालयात दावा लावला. १९७१–७२ मध्ये तो तडजोडीच्या हुकूमनाम्याने निकाली निघाला आणि राज्याने अशा मुलांना शिक्षण देण्याचे मान्य केले. १९७२ मध्येच राजधानी वॉशिंग्टनमधील ‘मिल्स विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात शाळा प्रशासनाने निधी अपुरा असल्याची सबब पुढे केली. निधी अपुरा असल्यास त्याची झळ केवळ दिव्यांग मुलांनी सोसावी, हे न्यायाधीश जोसेफ वॉडी यांनी मान्य केले नाही. वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालातील समान शिक्षणाचे तत्त्व या दोन्ही दाव्यांच्या मुळाशी होते.

या निकालांनंतर काँग्रेसने २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या स्वाक्षरीने ‘एज्युकेशन फॉर ऑल हँडिकॅप्ड चिल्ड्रन ॲक्ट’ हा कायदा संमत केला. देशात ८० लाखांहून अधिक दिव्यांग मुले असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही व १० लाख मुले शाळेबाहेर ठेवली गेली आहेत, अशी नोंद या कायद्यातच आहे. १९९० मध्ये कायद्याला सध्याचे नाव मिळाले. १९९७ व २००४ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. कायद्याचा उगम पालकांच्या न्यायालयीन लढ्यात असल्यामुळे त्याच्या अंमलबजावणीची रचनाही पालकांच्या हक्कांभोवती उभी राहिली.

समिती आणि आराखड्याचे घटक

आयईपी समितीत पालक, मुलाला शिकविणारा किमान एक सर्वसाधारण वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, चाचण्यांच्या निष्कर्षांचा अर्थ सांगू शकणारी व्यक्ती आणि शालेय प्रशासनाचा प्रतिनिधी असतो. योग्य असेल तेव्हा विद्यार्थी स्वतःही उपस्थित राहतो. मुलाविषयी विशेष जाणकारी असलेल्या कोणाही व्यक्तीस पालक सोबत आणू शकतात. मग ती आजी असो, खासगी उपचारतज्ज्ञ असो वा अनुभवी मित्र. प्रशासनाच्या प्रतिनिधीला उपलब्ध साधनांची माहिती असावी, अशी कायद्याची अट आहे. ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ असे उत्तर प्रत्येक मागणीला मिळू लागले, तर ही अट निरर्थक ठरते. म्हणून ही भूमिका कोण पार पाडत आहे, हे बैठकीच्या आरंभीच विचारून घेणे इष्ट समजले जाते.

आराखड्यात विद्यार्थ्याची सध्याची पातळी, मोजता येतील अशी वार्षिक उद्दिष्टे, प्रगती कशी मोजली जाईल व पालकांना केव्हा कळविली जाईल, सेवांचे स्वरूप, वारंवारता, ठिकाण व कालावधी, तसेच परीक्षेतील व वर्गातील सवलती यांचा समावेश असतो. मूल सर्वसाधारण वर्गाबाहेर जितका वेळ राहणार असेल, त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते. सोळाव्या वर्षापासून पुढील शिक्षण, नोकरी व स्वतंत्र जीवनाचे नियोजनही त्यात येते. आराखड्याचा आढावा वर्षातून किमान एकदा, तर पात्रतेचे फेरमूल्यमापन सर्वसाधारणपणे दर तीन वर्षांनी होते.

१९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ खालील योजना याहून वेगळी असते. तिचा भर भेदभाव टाळण्यावर व सोयीसवलतींवर असून आयईपीच्या तुलनेत तिची प्रक्रिया शिथिल असते. शाळेने ‘५०४ पुरेशी आहे’ असे सुचविल्यास मुलाला खास रचलेल्या अध्यापनाची गरज आहे की नाही, हा प्रश्न कळीचा ठरतो.

पालकांचे कायदेशीर हक्क

प्रथम मूल्यमापन आणि प्रथम सेवा या दोन्हींसाठी पालकांची लेखी संमती आवश्यक असते. संमती मिळाल्यापासून ६० दिवसांत, अथवा राज्याने वेगळी मुदत ठरविली असल्यास त्या मुदतीत, मूल्यमापन पूर्ण करावे लागते. मूल पात्र ठरल्यावर ३० दिवसांत आराखड्याची बैठक होणे बंधनकारक आहे. मुदतीची गणना संमतीच्या तारखेपासून होते, तोंडी विनंतीपासून नव्हे. शाळेच्या दारात शिक्षिकेशी झालेले बोलणे कितीही आश्वासक असले तरी त्याची नोंद कोठेही राहत नाही. यामुळे मूल्यमापनाची विनंती तारखेसह लेखी करावी, हा या विषयावरील मार्गदर्शनातील पहिला सल्ला असतो.

शाळेने एखादा बदल सुचविला किंवा पालकांची मागणी नाकारली, तर तिला ‘पूर्वलेखी सूचना’ द्यावी लागते. काय ठरविले, का ठरविले, कोणत्या चाचण्यांच्या वा नोंदींच्या आधारे ठरविले आणि इतर कोणते पर्याय विचारात घेऊन फेटाळले, हे त्या सूचनेत लिहावे लागते. या तरतुदीचे महत्त्व अनेक पालकांच्या लक्षात उशिरा येते. बैठकीत ‘आमच्याकडे ती सेवा नसते’ असे तोंडी सांगणे सोपे असते. तेच कारण सहीनिशी कागदावर उतरविणे अवघड असते. कारण सेवा मुलाच्या गरजेनुसार ठरते, शाळेत काय उपलब्ध आहे यावरून नाही, हे कायद्याचे मूळ तत्त्व आहे.

मुलाच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क पालकांना आहे. शाळेने त्या बैठकीपूर्वी व कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत दाखविल्या पाहिजेत. शाळेचे मूल्यमापन मान्य नसल्यास पालक सार्वजनिक खर्चाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून मूल्यमापन मागू शकतात. अशा वेळी शाळेने एकतर खर्च द्यावा किंवा आपले मूल्यमापन योग्य असल्याचे सिद्ध करण्यासाठी स्वतः सुनावणी मागावी लागते.

प्रथम संमतीनंतरच्या वार्षिक बदलांसाठी मात्र संघीय कायद्याने पालकांची सही अनिवार्य केलेली नाही. काही राज्यांनी ती केली आहे, इतर राज्यांत पालकांनी ठराविक दिवसांत हरकत न घेतल्यास नवा आराखडा लागू होतो. म्हणून सही नाकारणे म्हणजे आराखडा रोखणे, हा समज सर्वत्र खरा नसतो. उपस्थितीची सही आणि संमतीची सही यांतील फरकही पाहून घ्यावा लागतो.

बैठकीची तयारी

आयईपीच्या बैठकीत टेबलाच्या एका बाजूला पाच-सहा व्यावसायिक आणि दुसऱ्या बाजूला एक वा दोन पालक, असे दृश्य सामान्य आहे. चर्चा चाचण्यांच्या गुणांत व आद्याक्षरांत चालते. मूल्यमापनाचा अहवाल त्याच वेळी प्रथम हाती पडला, तर पालकांचा सहभाग मान डोलावण्यापुरता उरतो. अहवाल व आराखड्याचा मसुदा काही दिवस आधी मागून घेणे, हा त्यावरील साधा उपाय आहे. मसुदा आधी लिहिण्यास हरकत नाही. निर्णय आधीच पक्का करून बैठक केवळ उपचारापुरती घेणे मात्र न्यायालयांनी पालकांच्या सहभागाच्या हक्काचे उल्लंघन मानले आहे.

जुने अहवाल, पत्रव्यवहार, प्रगतिपत्रके, गृहपाठाचे नमुने व डॉक्टरांची पत्रे तारखेच्या क्रमाने एका फायलीत ठेवण्याची पद्धत पालक-संस्था शिकवितात. मुलाचे घरचे वर्तन शाळेच्या नोंदींत येत नाही. गृहपाठाला किती वेळ लागतो, शाळेतून आल्यावर मूल किती थकलेले असते, कोणत्या गोष्टीत ते रमते, याची माहिती पालकांकडेच असते. ती एका पानात लिहून ‘पालकांचे म्हणणे’ म्हणून आराखड्यात समाविष्ट करण्यास सांगता येते. बैठकीनंतर जे ठरले ते थोडक्यात लिहून शाळेला ई-मेल करणे हेही तितकेच उपयुक्त समजले जाते. पुढील वर्षी शिक्षक बदलतात, मुख्याध्यापकही बदलतात आणि मागे उरतो तो कागद.

उद्दिष्टांची भाषा

आराखड्याचा कस त्यातील उद्दिष्टांवर लागतो. ‘विद्यार्थ्याच्या वाचनात सुधारणा होईल’ हे वाक्य कोणालाही मान्य होते, कारण त्यावरून कोणालाही जबाबदार धरता येत नाही. ‘विद्यार्थी सध्या दुसऱ्या इयत्तेच्या अनोळखी उताऱ्यातील मिनिटाला ३५ शब्द अचूक वाचतो, मेअखेर सलग तीन चाचण्यांत तो ७० शब्द वाचेल’ या वाक्यात आरंभबिंदू, शेवट व मोजण्याची रीत तिन्ही आहेत. सेवांच्या बाबतीतही हेच लागू पडते. ‘गरजेनुसार वाचा-उपचार’ या शब्दांतून काहीच निष्पन्न होत नाही. ‘आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी ३० मिनिटे, तीनपेक्षा अधिक मुले नसलेल्या गटात’ असे लिहिल्यास चुकलेली सत्रे मोजता येतात व ती भरून मागता येतात.

सर्वोच्च न्यायालयाचे या विषयावरील दोन महत्त्वाचे निकाल उद्दिष्टे किती उंच असावीत, याच प्रश्नाशी निगडित आहेत. १९८२ च्या ‘रॉली’ खटल्यात न्यूयॉर्क राज्यातील एमी रॉली या कर्णबधिर मुलीच्या पालकांनी, जे स्वतःही कर्णबधिर होते, वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी मागितला होता. मुलगी वर्गात बऱ्यापैकी प्रगती करीत असल्याने न्यायालयाने बहुमताने मागणी नाकारली. कायदा मुलाची पूर्ण क्षमता फुलविण्याची हमी देत नाही, शैक्षणिक लाभ होईल अशी वाजवी योजना पुरेशी आहे, असे त्यात ठरले. पुढील साडेतीन दशके कित्येक न्यायालयांनी या ‘लाभा’चा अर्थ अगदी किमान असा लावला.

२०१७ मधील ‘एंड्रू एफ. विरुद्ध डग्लस काउंटी’ या खटल्याने ही स्थिती बदलली. कोलोरॅडोतील स्वमग्न मुलगा एंड्रू याच्या आराखड्यांत तीच ती मूलभूत उद्दिष्टे वर्षानुवर्षे पुढे ढकलली जात होती. पाचवीचा प्रस्तावित आराखडाही मागच्यासारखाच आहे, हे पाहून पालकांनी २०१० मध्ये त्याला खासगी शाळेत घातले. तेथे त्याची लक्षणीय प्रगती झाली. शुल्काच्या परताव्याची त्यांची मागणी खालच्या न्यायालयांनी फेटाळली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते निकाल रद्द केले. मुलाच्या परिस्थितीचा विचार करता योग्य अशी प्रगती साधता येईल, असा आराखडा हवा; नाममात्र लाभ पुरेसा नाही, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिले. २०१८ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने परताव्याच्या बाजूने निर्णय दिला. मूल पाचवीत जाण्याच्या सुमारास उद्भवलेला वाद ते शाळेच्या शेवटच्या वर्षांत असताना निकाली निघाला. येथे पालकांची बाजू सिद्ध करणारा पुरावा जुन्या व नव्या आराखड्यांची पाने शेजारी ठेवल्यावर दिसणारी पुनरावृत्ती हा होता. वार्षिक बैठकीपूर्वी मागील वर्षाचा आराखडा नव्या मसुद्याशी ताडून पाहण्याचा सल्ला त्यामुळेच आवर्जून दिला जातो.

मतभेद आणि दाद

बहुसंख्य मतभेद पुन्हा बैठक घेऊन मिटतात. ते न मिटल्यास तीन मार्ग उपलब्ध असतात. मध्यस्थी ऐच्छिक व विनामूल्य असते. राज्य शिक्षण विभागाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते व विभागाने सामान्यतः ६० दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. लिहून दिलेली सेवा मिळत नाही, अशा स्पष्ट प्रकरणांत हा मार्ग स्वस्त व परिणामकारक ठरतो. तिसरा मार्ग ‘ड्यू प्रोसेस’ सुनावणीचा. तिची मुदत संघीय कायद्यानुसार दोन वर्षांची असून ती जवळजवळ खटल्यासारखी चालते. साक्षीपुरावे होतात आणि निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येते. वाद चालू असेपर्यंत मूल शेवटच्या मान्य आराखड्यानुसार आहे तेथेच राहते. ‘स्टे-पुट’ नावाची ही तरतूद पालकांच्या हातातील सर्वांत प्रभावी संरक्षणांपैकी एक आहे.

सार्वजनिक शाळेने योग्य शिक्षण न दिल्यास खासगी शाळेच्या शुल्काचा परतावा मिळू शकतो, हे १९८५ च्या ‘बर्लिंग्टन’ व १९९३ च्या ‘कार्टर’ खटल्यांत ठरले. मात्र मुलाला काढण्यापूर्वी शाळेला लेखी कळविले नसल्यास रक्कम कमी होऊ शकते. ‘कार्टर’ खटल्यात पालकांची बाजू मांडणारे वकील पीटर राइट यांना स्वतःला बालपणी डिस्लेक्सिया होता. पुढे त्यांनी पत्नी पामेला यांच्यासह सुरू केलेला ‘राइट्सलॉ’ हा प्रकल्प पालकांच्या कायदेशीर शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. २००७ च्या ‘विंकलमन’ निकालानुसार पालक वकिलाविना संघीय न्यायालयात जाऊ शकतात, कारण कायद्यातील हक्क केवळ मुलाचे नसून पालकांचेही आहेत.

साहाय्य करणाऱ्या संस्था

१९८३ च्या दुरुस्तीने पालक प्रशिक्षण व माहिती केंद्रांना संघीय अनुदान सुरू झाले. प्रत्येक राज्यात असे किमान एक केंद्र असून ते विनामूल्य सल्ला, कार्यशाळा व दूरध्वनीवर मार्गदर्शन देते. मिनेसोटातील ‘पेसर’ व न्यू जर्सीतील ‘स्पॅन’ ही त्यांतील परिचित नावे. या केंद्रांचे काम मुख्यतः दिव्यांग मुलांचे पालकच चालवितात.

याखेरीज ‘ॲडव्होकेट’ म्हणविणारे खासगी साहाय्यक असतात. मराठी वाचकाने येथे सावध असावे. भारतात ॲडव्होकेट म्हणजे वकील. अमेरिकेतील विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र तो बहुधा वकील नसतो आणि या व्यवसायासाठी राष्ट्रीय परवानाही लागत नाही. चांगला साहाय्यक नोंदी वाचतो, प्रश्न सुचवितो आणि बैठकीत शांत राहतो.

भाषा व स्थलांतरित कुटुंबे

बैठकीतील कामकाज पालकांना समजावे यासाठी आवश्यक ती व्यवस्था करणे, इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या पालकांसाठी दुभाषी पुरविणे हे शाळेचे कर्तव्य आहे. पूर्वलेखी सूचनाही शक्य तेथे पालकांच्या भाषेत द्यावी लागते. हे हक्क मराठीलाही लागू आहेत. कामकाजाचे इंग्रजी येणारे मराठी पालक दुभाषी मागण्यास अनेकदा संकोचतात. परंतु कार्यालयातील इंग्रजी आणि मानसशास्त्रीय अहवालातील इंग्रजी यांत अंतर असते. मुलाला दुभाषी करणे तर कधीही योग्य नाही.

चाचण्या मुलाला अवगत असलेल्या भाषेत घ्याव्या लागतात आणि केवळ इंग्रजी कच्चे असल्यामुळे मुलाला दिव्यांग ठरविता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. घरी मराठी बोलले जाते म्हणून बोलणे उशिरा आले, असे म्हणून मूल्यमापन लांबणीवर टाकल्यास मोलाची वर्षे वाया जातात. भारतातून आणलेले वैद्यकीय व शैक्षणिक अहवाल शाळेपुढे ठेवता येतात. समितीने ते विचारात घ्यावयाचे असतात, मान्यच करावेत असे बंधन नसते. पालकांच्या व्हिसाच्या प्रकारावर हे हक्क अवलंबून नाहीत.

टीका

कायद्याची अंमलबजावणी पालकांच्या सतर्कतेवर सोपविल्यामुळे वेळ, पैसा व शिक्षण असलेल्या कुटुंबांच्या मुलांना अधिक मिळते, हा या व्यवस्थेवरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे. २००५ च्या ‘शेफर’ निकालानुसार पुराव्याचा भार दाद मागणाऱ्यावर, म्हणजे बहुधा पालकांवर असतो. न्यूयॉर्क व न्यू जर्सी या राज्यांनी स्वतंत्र कायद्याने तो शाळांवर टाकला आहे. खटला जिंकल्यास वकिलाचे शुल्क मिळू शकते, पण तज्ज्ञ साक्षीदाराचे नाही, असे २००६ च्या ‘मर्फी’ निकालात ठरले. दोन नोकऱ्या करणाऱ्या एकट्या पालकासाठी सुनावणीचा हक्क कागदावरच राहतो.

शिक्षकांची तक्रार वेगळी आहे. विशेष शिक्षकांची टंचाई आणि कागदपत्रांचा बोजा यांमुळे प्रत्यक्ष अध्यापनाचा वेळ घटतो. १९७५ मध्ये काँग्रेसने प्रतिविद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत संघीय वाटा देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते आजवर एकदाही गाठले गेलेले नाही. तुटीचा भार राज्ये व स्थानिक करांवर पडतो. त्यामुळे बैठकीतील शिक्षिकेला मुलाची गरज पटलेली असूनही तिला ती उघडपणे मांडता येत नाही, असा प्रसंग ओढवतो.

भारतातील स्थिती

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. अध्ययन अक्षमता लवकर ओळखणे व प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे ही शाळांची कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. वैयक्तिक शिक्षण आराखड्याची संकल्पना समावेशक शिक्षणाच्या प्रशिक्षणात व विशेष शाळांत वापरली जाते. तथापि पालकांच्या समितीतील सदस्यत्वासह, मुदतींसह व सुनावणीच्या हक्कासह बांधलेला अमेरिकेसारखा आराखडा या अधिनियमात नाही. महाराष्ट्रात पालकांची धडपड प्रामुख्याने प्रमाणपत्राभोवती फिरते. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आदी सवलती मिळण्यासाठी नेमून दिलेल्या रुग्णालयांचे प्रमाणपत्र लागते आणि मुंबईतील शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी त्यासाठीच्या चाचण्या होतात. परीक्षेपूर्वीच्या दहा वर्षांत वर्गात काय शिकवावे, हे मात्र त्या प्रमाणपत्रावरून ठरत नाही. अमेरिकेतून परतणाऱ्या कुटुंबाजवळील आयईपी भारतीय शाळेवर बंधनकारक नसते, परंतु मुलाची पातळी व उपयोगी ठरलेल्या पद्धती यांची तपशीलवार नोंद म्हणून नव्या शिक्षकांना ती देता येते. हक्क नाकारला गेल्यास राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागण्याची तरतूद २०१६ च्या अधिनियमात आहे. महाराष्ट्राचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुणे येथे आहे.